निळी चूळ

गेल्या वर्षी माझं वय होतं एक्कावन्न आणि माझ्या रक्तवाहिन्यांचं त्र्याहत्तर. हे मी म्हणत नव्हतो, माझी दाढ म्हणत होती.

डावीकडच्या शेवटच्या दाढेला गव्हाच्या दाण्याएवढं एक यंत्र चिकटवलेलं असतं. त्याला सगळे दाणाच म्हणतात. तो दिवसभर लाळ चाखत बसतो, आणि मनगटावरचा पट्टा नाडीची लाट किती वेगाने धावते ते मोजतो. रक्ताची नळी जितकी ताठ, तितकी लाट जोरात धावणार. दोघं मिळून दर सोमवारी एक आकडा काढतात, त्याचं नाव धमनीवय. हल्ली लग्न जमवताना पत्रिकेआधी मुलाच्या आईबापांचं धमनीवय विचारतात. आमच्या आळीत एका सासऱ्याने जावयाचा आकडा मोठा निघाला म्हणून दिवाळसण टाळला. लोकांच्या हातात एक आकडा द्या, ते त्याच्याभोवती देव्हारा बांधतात.

दाणा हौसेने बसवलेला असता तर मी तो उपटून वाशिष्ठीत फेकला असता. पण मी महेंद्र चाळके, 'घाटमार्ग परिवहन'चा ड्रायव्हर. चिपळूण ते कराड, कुंभार्ली घाटातून, आयुष्य त्यातच गेलं. सपाटीवरच्या बसगाड्या आता आपल्या आपण चालतात. घाटात धुकं उतरलं की मात्र त्यांची मती गुंग होते. दरडीचा दगड आणि रस्त्यात बसलेली म्हैस त्यांना सारखीच दिसतात. म्हणून आम्ही उरलो होतो. आमच्यासाठी कंपनीचा नियम असा, की धमनीवय पंच्याहत्तर झालं की चावी काढून घ्यायची आणि माणसाला धुलाईवर पाठवायचं, म्हणजे गाड्या धुवायला. नियमात खोट नाही. मागे चाळीस माणसं बसलेली असताना वळणावर ड्रायव्हरचं काळीज बंद पडू नये, एवढं मलाही कळतं.

मी चावी जाण्यापासून दोन आकडे लांब होतो.

दाणा आला तेव्हा कंपनीचे आरोग्य अधिकारी पटवर्धन यांनी डेपोत व्याख्यान दिलं होतं. पालक, माठ, मुळ्याचा पाला, बीट यांच्यात नायट्रेट नावाचा क्षार असतो. तो पोटात गेला की शरीर त्याचं नायट्राइट करतं आणि त्याचा शेवटी एक वायू होतो, नायट्रिक ऑक्साइड. हा वायू रक्तवाहिनीच्या भिंतीला सैल सोडतो, तिचं आतलं अस्तर गुळगुळीत ठेवतो. तो कमी पडला की अस्तराला सूज येते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे चिकटतात, त्यावर चरबी साचते आणि नळी लाकडासारखी होत जाते. दाणा लाळेतलं नायट्राइट मोजतो आणि सुजेच्या खुणाही मोजतो. नायट्रेटचं नायट्राइट नेमकं कोण करतं, ही मधली पायरी साहेबांनी घाईत ओलांडली, कारण चहा आला होता. पालेभाजी खा, एवढं सांगून ते चहाकडे वळले.

त्या चहापायी काय काय झालं ते आता ऐका.

माझी बायको दर्शना डबे करते. चिपळूणच्या अर्ध्या कचेऱ्या तिच्या हातचं जेवतात. तिला एका गोष्टीचा फार अभिमान, तिच्या हातचं मीठ कधी चुकत नाही. चाखून न बघता ती भाजीत मीठ टाकते आणि ते बरोबर असतं. तिने माझा आकडा मनावर घेतला. रोज सकाळी बाजारातून हिरवी जुडी यायची. आज माठ, उद्या चाकवत, परवा शेपू. भाजी उकडून पाणी टाकून द्यायची घरातली जुनी पद्धत तिने बंद केली, कारण क्षार पाण्यात उतरतो असं तिने कुठेतरी वाचलं होतं. जेवणाआधी बिटाचा रस. माझी लघवी लाल झाली तेव्हा मी घाबरलो आणि ती खूश झाली.

आकडा चढतच होता. शिवाय मला सगळं फिकं लागायचं. मी ताटात वरून मीठ घ्यायचो आणि तिचा चेहरा उतरायचा. एक दिवस मी डाळीत दुसऱ्यांदा मीठ घेतलं, तेव्हा ती म्हणाली की बाहेरचं चमचमीत खाऊन जीभ मेली की घरचं असंच लागतं.

मी बाहेरचं खात नव्हतो. कोयनानगरला गाडी चार्जिंगला थांबते तिथे गरम वडे तळलेले असतात, वास येतो, मी डबा उघडतो आणि माठाची भाजी खातो. पण दाण्याच्या अहवालात दर सोमवारी एकच ओळ यायची: लाळेत नायट्राइट जवळपास शून्य, आहारात पालेभाजीचा अभाव. पटवर्धनांच्या माणसाने मला दोनदा बोलावून सांगितलं की खोटं सांगितल्याने नुकसान माझंच आहे. डेपोतले लोक हसायचे. ते मी सोसलं. मग एकदा कोयनानगरच्या वडेवालीने मला सांगितलं की तुमच्या घरून फोन आला होता, चाळके किती वडे खातात ते विचारत होत्या.

त्या संध्याकाळी मी दर्शनाला जाब विचारला. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती.

"दाणा खोटं बोलत नाही," ती म्हणाली.

"मग मी बोलतो?"

तिने माझं ताट वाढायला घेतलं. संसाराला सव्वीस वर्षं झालेली, आणि माझ्या तोंडातल्या गव्हाएवढ्या यंत्राची साक्ष माझ्या शब्दावर भारी पडली. मला इतका राग आला की मी जेवण टाकून उठलो, आणि उठताना कळलं की तेही माझ्याविरुद्धच धरलं जाणार: बाहेरून खाऊन आला असेल.

थंडीत सासूबाई पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांचं घर गुहागरच्या बाजूला पालशेतला. मी रजा टाकली, दोघं तिथे जाऊन राहिलो. महिन्याहून जास्त काळ राहिलो असू. दर्शनाच जेवण करायची, तीच भाजी, तोच हात. तिसऱ्या आठवड्यात मी तिला म्हटलं की आमटीत मीठ जास्त झालंय. ती माझ्याकडे बघत राहिली. आकडाही उतरला. त्र्याहत्तरचा एकोणसत्तर, मग सहासष्ट.

मला वाटलं आता तरी ती मानेल. तिने अगदी उलटं मानलं. तिच्या डोळ्यांसमोर, बाहेरच्या खाण्यापासून लांब ठेवल्यावर माझा आकडा उतरला होता. यापेक्षा वेगळा पुरावा तो काय हवा? ती रागावलीसुद्धा नाही, नुसती गप्प झाली. त्यापेक्षा तिने भांडी आपटली असती तर बरं वाटलं असतं.

परत ड्युटीवर आलो, आकडा पुन्हा चढू लागला आणि घरात बोलणं फक्त कामापुरतं उरलं. मार्चमध्ये चौऱ्याहत्तर.

आता फणसाचं सांगायला हवं.

दाणा येण्याच्या आधीची गोष्ट. आमच्या डेपोत इब्राहिम परकार नावाचा ड्रायव्हर होता, कालुस्त्याचा, माझा जिवाभावाचा दोस्त. पाच वेळा नमाज पढणारा, सुपारीसुद्धा न खाणारा. मे महिन्यात त्याने घरचा बरका फणस डेपोत आणला. सकाळी सगळ्यांनी गरे खाल्ले, सगळ्यात जास्त त्यानेच. मग ड्युटीआधी दारूच्या तपासणीसाठी फुंकणीत फुंकर मारली, फुंकणी म्हणजे ते श्वास तपासायचं यंत्र, आणि लाल दिवा लागला. पिकलेला बरका गरा तोंडात आंबतो, त्याची वाफ यंत्राला दारू वाटते. हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? कंपनीने इब्राहिमचं नाव डेपोच्या फाटकावरच्या फलकावर लावलं: मद्यपान करून आलेला चालक. त्याचे वडील हाजी. ते महिनाभर मशिदीत मागच्या रांगेत बसले.

आम्ही गाड्या उभ्या केल्या. एकही गाडी घाट चढली नाही. कंपनीने शेवटी फणस मागवून तपासणी केली आणि शरमिंदी होऊन करार केला: फुंकण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने कंपनीने दिलेल्या जंतुनाशक औषधाने चूळ भरायची, म्हणजे खाण्याचा कुठलाही अंश तोंडात उरणार नाही आणि कुणावर खोटा आळ येणार नाही. निळं औषध, भिंतीवरचा पंप दाबला की वाटीत पडतं. सकाळी चिपळूणला एकदा, परतीच्या फेरीला कराडला एकदा. आम्ही गुलाल उधळला. पहिली चूळ इब्राहिमने भरली आणि त्याचे डोळे भरून आले. आम्ही तिला अब्रूची चूळ म्हणायचो.

त्या इब्राहिमचं धमनीवय आदल्या वर्षीच शहात्तर झालं होतं. तो धुलाईला होता.

मार्चअखेर मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो, कारण माझे दात तपकिरी पडले होते. डॉ. केतकी लघाटे, वयाने माझ्या मुलीएवढी. तिने पहिलाच प्रश्न विचारला, तंबाखू किती वर्षं? मी खुर्चीवरून उठायलाच निघालो. जगात ज्याला त्याला मी खोटाच वाटत होतो. तिने मला बसवलं, जीभ बाहेर काढायला लावली, मागच्या भागावर दिवा धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं की तोंडात रोज काय घालता.

मी निळ्या चुळीचं सांगितलं. ती खुर्चीत मागे टेकली आणि पटवर्धनांनी ओलांडलेली पायरी तिने मला समजावली.

भाजीतलं नायट्रेट पोटातून रक्तात जातं आणि त्यातला बराच भाग लाळग्रंथी ओढून घेतात, पुन्हा तोंडात आणून सोडतात. शरीर असा उलटा प्रवास का करतं? कारण नायट्रेटचं नायट्राइट करण्याचं काम माणसाच्या शरीराला नीट जमत नाही. ते काम जिभेच्या मागच्या खाचांमध्ये राहणारे जिवाणू करतात. आपण त्यांना जागा देतो, ते आपल्याला नायट्राइट देतात, आपण ते गिळतो आणि पुढे त्याचा तो वायू होतो. तुम्ही रोज दोन वेळा त्या जिवाणूंना मारत होता, ती म्हणाली. मग पालेभाजी मणभर खाल्ली तरी निम्म्या वाटेत अडकणार. या औषधाने दात तपकिरी होतात, चवही मरते. चव मेली म्हणून तुम्ही मीठ वाढवलंत, मिठाने रक्तदाब चढला. सगळा दोष चुळीचाच असं ती म्हणणार नाही, वय आहे, दिवसभराचं बसणं आहे. पण पालशेतला आकडा का उतरला याचं तिला तरी दुसरं उत्तर दिसत नव्हतं.

मी दवाखान्याबाहेर येऊन कठड्यावर बसलो. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण डोक्यात नुसती आग होती. एका हाताने हीच कंपनी माझ्या तोंडात विष ओतत होती आणि दुसऱ्या हाताने, विष का चढलं म्हणून माझ्या कानाखाली काढत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे संन्याशाला दोरही स्वतःच्या खर्चाने आणायला लावला होता.

दुसऱ्या दिवशी पटवर्धनांसमोर उभा राहिलो. माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरीणबाईंना फोनही केला, मान डोलावली. मग सांगितलं की ही गोष्ट त्यांच्या अखत्यारीत येत नाही. चूळ ही सुरक्षा खात्याची बाब, दाणा आरोग्य खात्याचा. शिवाय चूळ युनियनच्या करारात आहे, तुमचीच मागणी होती. युनियनने लेखी मागितलं तर विचार होईल, समिती बसेल.

"आणि तोंड कुठल्या खात्याचं, साहेब?" मी विचारलं.

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

युनियन म्हणजे इब्राहिम. चावी गेली तरी लोक त्यालाच मानत. मी धुलाईच्या पटांगणात गेलो. तो रबरी बूट घालून चाकांवर पाणी मारत होता, आणि त्याच्या खिशात ती निळी बाटली होती. त्याला आता कुणी फुंकायला लावत नव्हतं, पण तो कामावर आला की चूळ भरायचा. त्याला सगळं सांगितलं. त्याने नळी बंद केली नाही.

"ज्या पाण्याने माझं नाव धुतलं, त्याच्यावर तू आळ घेतोस?" तो म्हणाला. "माझा बाप पुन्हा पुढच्या रांगेत बसला तो या चुळीमुळे. डॉक्टरीण पोर आहे. तुझी चावी जायला आली म्हणून तुला सुचतंय हे."

तो असं म्हणाला याचं दुःख नव्हतं. तो दमून एका हाताने गाडीला टेकला होता आणि त्याच्या ओठांवर निळसर छटा होती, ते बघवत नव्हतं. मी घरी आलो आणि दर्शनाला सगळं सांगितलं, जिवाणू, लाळ, मीठ, तोंड कुठल्या खात्याचं, सगळं. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतलं आणि निवडलेली भाजी घेऊन ओट्याकडे गेली. मी म्हटलं, ठीक आहे, हिचा तर आपल्यावरचा विश्वासच उठलाय.

एप्रिल तसाच गेला. चूळ चुकवावी तर तो इब्राहिमच्या अब्रूचा करार, म्हणून मी निळं औषध भरतच राहिलो. आकडा चौऱ्याहत्तरवर अडकला होता आणि मी दर सोमवारी परीक्षेच्या निकालासारखा धडधडत उठायचो. याच दिवसांत दर्शनाच्या डब्यांबद्दल तक्रारी येऊ लागल्या. बँकेतल्या बाईंनी डबा परत पाठवला: खारट. शाळेच्या मुख्याध्यापकांनी फोन केला: ताई, आजकाल मीठ फार. मला वाटलं ती कोसळेल. पण ती शांतपणे सगळ्यांची माफी मागत होती.

मेच्या पहिल्या सोमवारी मी चहा पीत होतो तेव्हा तिने तिचा फोन माझ्यासमोर ठेवला. तिच्या दाढेलाही दाणा आहे, घरोघरी असतो तसा. ती सत्तेचाळीसची, तिचा आकडा कायम अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास. पडद्यावर एकसष्ट होतं. खाली ओळ: आहारात पालेभाजीचा अभाव.

"तुमच्या डब्यात जे घालते तेच खाल्लं मी," ती म्हणाली. "बाहेरचा शेंगदाणासुद्धा नाही. फक्त औषधाच्या दुकानातून ती निळी बाटली आणली आणि रोज दोन वेळा चूळ भरली. माझंच जेवण मला फिकं लागायला लागलं, म्हणून मिठाचा हात चढला." तिने जीभ दाखवली, तपकिरी झाली होती. "तुमच्यापेक्षा दाण्यावर जास्त विश्वास ठेवला होता ना मी. म्हटलं, मग दाण्यालाच विचारू."

मी तिच्यावर भडकलो. हे काय खुळ्यासारखं, स्वतःच्या शरीराशी खेळायचं, मला विचारायचं तरी. ती म्हणाली की विचारलं असतं तर तुम्ही करू दिलं नसतं, आणि बाटली कालच फेकली. मग ती रडायला लागली, आणि मीही. चहा तसाच थंड झाला.

त्याच दुपारी ती डबा घेऊन धुलाईच्या पटांगणात गेली. मी मागे उभा होतो. इब्राहिमला तिने एवढंच सांगितलं: "इब्राहिमभाई, मी गाडी चालवत नाही, मला चावी नको आहे. मी फक्त चूळ भरली." आणि फोन पुढे केला. त्याने आकडा पाहिला, तिच्या जिभेकडे पाहिलं, खिशातली बाटली काढून हातात फिरवत राहिला. मग त्याने मला विचारलं की त्या दिवशी तो फणसाचा वास साध्या पाण्याने गेला असता का. मला माहीत नव्हतं.

"घरचा बरका पिकायला आलाय," तो म्हणाला. "बघू."

आठवड्याने सकाळच्या पाळीला तो फणस घेऊन फुंकणीच्या रांगेत आला. सगळे ड्रायव्हर होते, सुरक्षेचा माणूस होता, कुणीतरी पटवर्धनांनाही बोलावलं होतं. इब्राहिमने सगळ्यांसमोर तेल लावून फणस फोडला, मूठभर गरे खाल्ले आणि चूळ न भरता फुंकणीत फुंकलं. लाल दिवा. मग तो कोपऱ्यातल्या नळापाशी गेला, ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरली, थुंकली, पुन्हा भरली. परत येऊन फुंकलं.

हिरवा.

त्याने स्वतःच पुन्हा गरे खाल्ले, पुन्हा लाल, पुन्हा नळ, पुन्हा हिरवा. मग तो नळाकडे बघत उभा राहिला.

"हा नळ तर तेव्हाही इथेच होता," तो म्हणाला.

एवढंच. एका माणसाच्या अब्रूसाठी आम्ही लढलो ते खरंच होतं. पण त्या अब्रूला ओंजळभर पाणी पुरलं असतं. कंपनीतल्या कुणा शहाण्याने पंप बसवण्याआधी पाच मिनिटं नळ उघडून बघितलं असतं, तर आमच्या रक्तवाहिन्या आमच्याच वयाच्या राहिल्या असत्या. आम्हीही बघितलं नाही, कारण आम्ही गुलालात होतो. पण आम्ही ड्रायव्हर होतो, शास्त्र शिकलेले पगारी लोक ते होते.

पटवर्धन म्हणाले की हे समितीपुढे ठेवतो. समिती म्हणाली की पंप किती वेळा दाबला जातो याची नोंद विमा कंपनीला जाते, त्यामुळे तूर्त बदल नाही. मग आम्हीच बदल केला. पंप दाबायचा, निळं औषध मोरीत सोडायचं आणि चूळ नळाच्या पाण्याने भरायची. नोंद बिनचूक राहिली. डेपोची मोरी मात्र महाराष्ट्रातली सगळ्यात निर्जंतुक मोरी झाली असेल.

पावसाळाभर आकडे उतरत गेले. माझा साठाच्या खाली आला. भाजीला पुन्हा चव आली, आणि दर्शनाच्या मिठाला जुना मान. इब्राहिमचा बासष्ट झाला, ओठ पुन्हा माणसासारखे दिसायला लागले, मेलेली जीभही जागी व्हायला लागली. तो अर्ज घेऊन गेला की आता चावी द्या. उत्तर आलं, पंच्याहत्तर पार झालेला बदल कायमचा मानला जातो, असं नियमावलीत आहे. आकडा उतरला असेल तर तो मापनातला दोष असू शकतो. चढताना आकडा देव होता, उतरताना दोष झाला.

दसऱ्यानंतर डेपोत मंडप पडला. घाटमार्गच्या चालकांचं सरासरी धमनीवय एका हंगामात विक्रमी उतरलं म्हणून पटवर्धनांच्या आहार मार्गदर्शनाचा सत्कार होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. शाल, नारळ, पुण्याहून आलेले पाहुणे, फलकावर पालकाच्या जुडीचं चित्र. सगळ्यात जास्त सुधारणा झालेला चालक म्हणून मला वर बोलावलं आणि माईक हातात दिला. मी काय काय खाल्लं ते सगळ्यांना सांगावं, अशी विनंती होती.

मी सांगितलं की मी जे खाल्लं ते दोन वर्षं तेच होतं. बदल खाण्यात झाला नाही, थुंकण्यात झाला. विश्वास नसेल तर मोरीत जाऊन बघा, सगळं निळं तिकडे आहे. मग मी खिशातली गाडीची चावी काढून पटवर्धनांच्या नारळावर ठेवली.

"या डेपोत सगळ्यात जास्त भोगलं ते इब्राहिम परकारने," मी म्हणालो. "त्याची चावी परत येईपर्यंत ही तुमच्याकडे राहू द्या."

मला वाटलं मी एकटाच पडणार. खाली आलो तर मागे खुर्च्या सरकत होत्या. एकेक जण वर जाऊन चावी ठेवत होता. पटवर्धनांना नारळ धरणं जड व्हायला लागलं.

आज तिसरा दिवस. धुकं उतरलंय आणि घाट रिकामा आहे. सकाळी आरोग्य खात्याचा निरोप आला की चावीचा प्रश्न सुरक्षा खात्याचा आहे. तासाभराने सुरक्षा खात्याचा आला की तो आरोग्याचा आहे. आम्ही धुलाईच्या पटांगणात सतरंजी घालून बसलो आहोत. दुपारी दर्शना सगळ्यांसाठी पातेलंभर माठाची भाजी आणि भाकऱ्या घेऊन आली. पहिलं ताट तिने इब्राहिमला वाढलं. त्याने घास घेतला, थांबला, डोळे मिटून सावकाश चावत राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "मीठ किंचित जास्त झालंय."

दर्शनाच्या मिठाला असं कुणी म्हटलं की ती चार दिवस धुसफुसते. आज तिने त्याच्या ताटात आणखी एक डाव भाजी वाढली आणि तोंड वळवून पदराने डोळे पुसले.

फाटकाशी तिसऱ्या निरोपाची गाडी येऊन उभी राहिली होती. कुणी उठलं नाही. आम्ही जेवत होतो.